वळणाच्या आधी: ट्रॅकवर शिकलेलं ड्रायव्हिंग आणि आपले कोकणातले घाट

कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे नावाचा २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथल्या हौशी लोकांच्या ट्रॅक डेला, म्हणजे साध्या माणसांना ट्रॅकवर गाडी चालवायला मिळते त्या कार्यक्रमाला, मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी गाडी सुरू करायच्या आधीच विचारलं, "ब्रेक पूर्ण ताकदीने शेवटचा कधी दाबला होतात?"

मला आठवेना. देवरुखहून साखरपा, तिथून आंबा घाट चढून कोल्हापूर, हा रस्ता मी वीस वर्षं चालवत आलोय. पावसात, धुक्यात, रात्री, म्हातारी माणसं आणि आंब्याच्या पेट्या मागे घेऊन. आणि माझ्या गाडीचा ब्रेक पूर्ण दाबला तर नेमकं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांत जे शिकलो आणि परत आल्यावर इथल्या रस्त्यांवर जे उपयोगी पडलं, ते क्रमाने सांगतो. ट्रॅकवर कधीच गेला नाहीत तरी यातलं बहुतेक सगळं करता येईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे घाटात वेगाने जायचं शिक्षण नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. तिथे समोरून एसटी येत नाही, रस्त्यात म्हशी बसलेल्या नसतात आणि चुकलात तर गाडी मोकळ्या मातीत जाऊन थांबते. आपल्याकडे चुकलात तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

पहिली पायरी: बसणं

ट्रॅकवर पहिला अर्धा तास आम्ही गाडी चालवलीच नाही, नुसतं बसायला शिकलो. मला तेव्हा ते फुकट गेल्यासारखं वाटलं होतं. आता कोणाला काही शिकवायचं झालं तर मी इथूनच सुरुवात करतो.

पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे, अडचणीच्या वेळी तुमचा जोर पेडलपर्यंत पोचणारच नाही. मग पाठ सीटला टेकलेली ठेवूनच हात पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ जण सीट मागे रेलून, एक हात खिडकीवर ठेवून चालवतात. तसं बसून एका दमात स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवून बघा, खांदा सीटवरून सुटतो.

हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी. डोक्याची उशी कानाच्या उंचीला. पट्टा कमरेच्या हाडावरून, पोटावरून नव्हे. पायात चप्पल नको, पावसाळ्यात तर नकोच. ओली रबरी चप्पल पेडलवरून सटकते. मी दाराच्या कप्प्यात कॅनव्हासचे बूट ठेवतो.

डॅशबोर्डवर आणि पायाशी सुटं काही नको. जोराचा ब्रेक लागला की पाण्याची बाटली गडगडत येते आणि थेट ब्रेक पेडलच्या खाली जाऊन बसते. ट्रॅकवर गाडी आत सोडायच्या आधी आतलं सगळं सामान बाहेर काढायला लावतात ते याचसाठी.

दुसरी पायरी: नजर

गाडी नजरेच्या मागे जाते. हे वाक्य तिथे दिवसातून पन्नास वेळा कानावर पडलं, पण पटलं ते घरी आल्यावर, आरे-वारेच्या रस्त्यावर. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना डाव्या हाताला समुद्र उघडतो. पाहुणे "अरे वा" म्हणतात, ड्रायव्हर तिकडे बघतो आणि गाडी हळूच त्या बाजूला सरकते. पुढच्या वेळी स्वतःवर लक्ष ठेवून बघा.

ट्रॅकवर सांगतात तसं नजर तीन टप्प्यांत पुढे न्यायची. सरळ रस्त्यावर असतानाच वळण जिथे सुरू होतं तिथे बघा. तिथे पोचायच्या आत नजर वळणाच्या आतल्या कडेवर गेलेली असली पाहिजे, आणि गाडी वळायला लागली की नजर बाहेर पडायच्या जागी. त्यासाठी मान वळवावी लागते, नुसते डोळे फिरवून भागत नाही. घाटातल्या यू वळणात तर बाजूच्या काचेतून बघावं लागतं.

आंधळ्या वळणात, म्हणजे जिथे डोंगर किंवा कारवीची जाळी पुढचं दिसू देत नाही तिथे, मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेवर नजर ठेवा. ती जागा तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. आहे तिथेच थांबलेली वाटत असेल तर वळण अजून चालू आहे, वेग वाढवू नका. ती लांब पळायला लागली की वळण सुटलं. अणुस्कुरा किंवा करूळसारख्या अनोळखी घाटात पाटी असो नसो, हे फसवत नाही. आणि कायम एवढ्याच वेगात राहा, की जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

अपघात होताना माणूस ज्यावर आदळायची भीती असते त्याच्याकडेच बघत राहतो. कठड्याकडे बघाल तर कठड्यावरच जाल. मोकळ्या जागेकडे बघायचं, ही सवय शांतपणी लावली असेल तरच वेळेला उपयोगी पडते.

तिसरी पायरी: ब्रेक

इथे थोडं थांबू, कारण लोकांच्या चुका इथे सगळ्यात जास्त होतात.

वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. कोरड्या चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरवर, ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक लावला तर गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. पण संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे झाले ३५ मीटर, तीन एसटी एकीमागे एक उभ्या केल्यासारखे. ८० ला हाच हिशेब साधारण ५३ मीटरवर जातो. रस्ता ओला असून पकड निम्म्यावर आली असेल तर ८० वरून थांबायला ८५ मीटरच्या आसपास लागतात. मोबाइलकडे टाकलेल्या एका सेकंदाच्या नजरेचे २२ मीटर यात धरलेले नाहीत.

हे सगळं पूर्ण ब्रेक लावला तर. अचानक काही आडवं आलं की बहुतेक लोक अर्धाच ब्रेक दाबतात, कारण पूर्ण दाबायची पायाला सवयच नसते. एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाक अडकू न देणारी सिस्टिम, सक्तीचं झालं, तरी ते काय करतं हे अनुभवलेली माणसं फार थोडी. पूर्ण दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो, आणि घाबरून माणूस पाय उचलतो. पाय उचलायचा नाही. ती थरथर म्हणजे चाक अडकू न देता सिस्टिम आपलं काम करतेय. चाकं फिरत राहिल्यामुळे पूर्ण ब्रेकमध्येही गाडी स्टिअरिंगचं ऐकते. सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही अंतर वाढतं, हे लक्षात ठेवा.

सराव असा करा. बंद, मोकळं मैदान शोधा. ओळखीची चिऱ्याची बंद खाण असेल, आपलीच सपाट केलेली जागा असेल, किंवा परवानगी घेऊन शाळेचं मैदान. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गाडी घेऊन जाऊ नका. सडा रिकामा दिसतो, पण रत्नागिरी आणि राजापुराकडच्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली शिल्पं आहेत, पावसाळ्यात तिथे फुलणारी इवलीशी रोपं आहेत, आणि टायरच्या एका फेरीत दोन्ही जातात. कोणीतरी जाणतं माणूस बाजूला उभं करा, मागे कोणी बसवू नका. ताशी ३० ला या आणि खुणेशी पोचताच ब्रेक असा दाबा की पेडल मोडेल. मग ४० ला. दहा वेळा केलंत की पाय शिकतो. त्यानंतर खुणेपुढे सिमेंटची रिकामी गोणी ठेवा आणि पूर्ण ब्रेकमध्येच तिला वळसा घाला. पहिल्या दोन-तीन वेळा गोणीवरून जाल. नंतर जमतं, आणि ते जमतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण आजवर आपण कशाच्या भरवशावर चालवत होतो हे कळतं.

गाडी जुनी असेल, एबीएस नसेल, तर जोराने दाबल्यावर चाकं अडकतात आणि गाडी स्टिअरिंग न ऐकता सरळ घसरत जाते. तिथे पाय किंचित सैल करून पुन्हा दाबायचा. हाही सराव मैदानावरच, आणि कमी वेगात.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक. खाऱ्या हवेत गाडी चार दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि पकड कमी वाटते. मुख्य रस्त्याला लागायच्या आधी हळू वेगात ब्रेक लावून तो घासून काढा.

चौथी पायरी: वळण

टायरची पकड मला शेरभर तांदळासारखी वाटते. शेर एकच आहे. त्यातलं ब्रेकला किती द्यायचं, वळायला किती आणि वेग वाढवायला किती, हे तुम्ही ठरवायचं. सगळा शेर ब्रेकला वाहिलात तर वळायला दाणा उरत नाही.

माझ्या पहिल्या गाडीतला एक जुलै महिना यासाठीच सांगतो. आंबा घाटात, घरची माणसं गाडीत, उतरतानाचं एक उजवं वळण. आत शिरल्यावर वाटलं, वेग जास्त आहे. घाबरून वळणाच्या मध्यावरच ब्रेक दाबला. गाडीचं नाक वळायचं थांबलं आणि सरळ कठड्याकडे निघालं. कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. कितीतरी दिवस मी ते पावसाच्या आणि रस्त्याच्या नावावर लिहून ठेवलं होतं. पुढे ट्रॅकवर प्रशिक्षकांनी मोकळ्या वळणात तीच चूक मुद्दाम करून दाखवली, तेव्हा समजलं की शेरातले तांदूळ मी आधीच संपवले होते.

म्हणून क्रम असा. सरळ रस्त्यावर ब्रेक. सरळ असतानाच खालचा गिअर, क्लच सोडून मोकळा. मग वळा. वळताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय फक्त टेकलेला, गाडी ओढली जाईल इतपतच. स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की वेग हळूहळू वाढवा. वळणाचं काम वळणाच्या आधी संपलेलं असलं पाहिजे. आत शिरल्यावर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

थोडासा वेग किती महाग पडतो ते आकड्यात बघा. समजा घाटातलं यू वळण २० मीटर त्रिज्येचं आहे. ताशी ३० ला गाडीला बाहेर ओढणारा जोर तिच्या वजनाच्या साधारण ३५ टक्के असतो. ४० ला तोच ६३ टक्क्यांवर जातो. वेग फक्त १० ने वाढला, जोर पावणेदोन पटीच्याही वर गेला. कोरड्या डांबराला ६३ टक्के जड नाहीत. पण ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यात तेवढी पकडच नसते.

आता ट्रॅकवरची एक गोष्ट जी रस्त्यावर अजिबात करायची नाही. ट्रॅकवर वळण कापतात: बाहेरच्या कडेने यायचं, आतल्या कडेला चिकटायचं, पुन्हा बाहेरच्या कडेला जायचं. त्यासाठी सगळी रुंदी लागते. घाटात निम्मी रुंदी समोरून येणाऱ्याची आहे. घाटातले कितीतरी अपघात समोरासमोर होतात, कारण कोणीतरी वळण कापत आलेलं असतं.

पण त्या रेषेमागचा विचार आपल्या निम्म्या भागातही चालतो. घाई करून लवकर वळू नका. वळणाच्या तोंडाशी थोडं थांबून, पुढचा रस्ता दिसायला लागल्यावर वळा. उजव्या वळणात आपल्या भागाच्या डाव्या बाजूने राहिलात तर लवकर आणि लांबचं दिसतं. फक्त अगदी साइडपट्टीवर जाऊ नका. तिथे खडी, शेवाळ आणि पावसात खचलेली माती असते. डाव्या वळणात चांगलं दिसण्यासाठी मध्यरेषेकडे राहावंसं वाटतं. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर ते ठीक आहे. कुंभार्ली किंवा आंबोलीसारख्या घाटात, जिथे समोरून येणारी लांब गाडी तुमच्या भागात शेपूट टाकणार हे ठरलेलंच असतं, तिथे मी आपल्या भागाच्या मधोमध राहतो आणि वेग आणखी कमी करतो. दिसणं आणि जागा यांतलं एक निवडायचं झालं तर मी जागा निवडतो.

एवढं करूनही गाडीचं नाक बाहेर जायला लागलं तर? आपल्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे बहुतेक वेळा असंच होतं. हात आपोआप स्टिअरिंग आणखी वळवायला जातात. तसं करू नका. अ‍ॅक्सिलरेटर अलगद सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पकड परत येईल, मग वळा. मागचा भाग सुटला तर जिथे जायचंय तिकडे बघा, हात नजरेच्या मागे जाऊ द्या, आणि ब्रेकवर झटका देऊ नका.

पाचवी पायरी: पाऊस

ट्रॅकवर दुसऱ्या दिवशी दुपारी एक सर आली. बरेच जण हिरमुसले. प्रशिक्षक म्हणाले, खरा वर्ग आता सुरू होतो. ओल्यात हात-पाय जेवढे मऊ, तेवढी गाडी आपली. ब्रेक दाबताना पहिल्या क्षणी हलका, मग वाढवत न्यायचा. सोडतानाही एकदम सोडायचा नाही.

कोकणात नुसतं "ओला रस्ता" म्हणून भागत नाही, ओल्याचे प्रकार आहेत. जूनच्या पहिल्या सरीत उन्हाळाभराचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हाचा रस्ता सगळ्यात बेइमान. दोन दिवस जोरात पडून गेला की तो धुतला जातो. रुंदीकरण चालू असेल तिथे लाल मातीचा पातळ थर चढतो आणि तो साबणासारखा असतो. बंदराकडून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांतून पाणी गळतं, ते कोरड्या दिवसातही वळणांवर सांडलेलं असतं. झाडांखाली कुजलेल्या पानांचा लगदा. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याखाली डांबराला शेवाळ. आणि सिमेंटच्या चौपदरी रस्त्यावर साठलेलं पाणी: तिथे वेग जास्त असला की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ धरा आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला.

टायरच्या खोबणीत नक्षी किती झिजली ते दाखवणारे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने टायर संपला. आपल्या पावसासाठी मी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो, दर मे महिन्यात नखाने चाचपून. गाडीचा रस्त्याशी संबंध प्रत्येक टायरखालच्या तळहाताएवढ्या जागेतूनच असतो. हवेचा दाब दारावर लिहिलेला असतो तेवढाच ठेवा, आणि टायर थंड असताना तपासा.

सहावी पायरी: उतार

आमचे अण्णाकाका एसटीत ड्रायव्हर होते. मी पहिल्यांदा घाट उतरवत होतो तेव्हा ते शेजारी बसून एवढंच म्हणाले, "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. ब्रेकला कामाला लावू नको, तो नंतर लागतो." ट्रॅकवर ब्रेक कसे तापतात यावर एक तासाचं व्याख्यान ऐकलं, तेव्हा अण्णाकाकांचं ते वाक्य पूर्ण उलगडलं.

५०० मीटर उंची उतरताना ब्रेकनेच वेग धरून ठेवायचा म्हटलं, तर गाडी ताशी ६० वरून ३५ वेळा थांबवण्याइतकी उष्णता तयार होते. ती सगळी डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये जाते. पॅड तापून पकड सोडतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणासारख्या दमट हवेत दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलाच. तीस हजार किलोमीटर झाले नाहीत म्हणून थांबू नका, ते वयाने खराब होतं.

म्हणून दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर हाताने गिअर निवडायची सोय वापरा. ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून वेग हवा त्याहून थोडा खाली आणा आणि पूर्ण सोडा, म्हणजे त्याला हवा लागेल. पाय सतत ब्रेकवर घासत ठेवणं सगळ्यात वाईट. न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून भेटतात. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर खालच्या गिअरवर वेग कमी करत रुंद जागा बघून थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका. हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यावरून उचला. अंधारात मोटरसायकलवाल्याचा जीव अशा दगडांनी जातो.

समोरचा माणूस

ट्रॅकवर ओव्हरटेक फक्त सरळ भागात, आणि तोही पुढच्याने हाताने खूण केल्यावरच. या एका नियमामुळे नवखे आणि पट्टीचे एकाच ट्रॅकवर सुखाने चालतात. घाटात मी तोच नियम पाळतो. पुढचा ट्रकवाला इंडिकेटर देऊन बोलावतो, तरी स्वतःच्या डोळ्यांना रस्ता दिसल्याशिवाय जात नाही.

रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं. हा नियमच आहे. एसटीला यू वळणात जवळपास पूर्ण रस्ता लागतो. ती खाली येताना दिसली तर वळणाच्या आधी थांबा, ड्रायव्हर हात करेल, मग जा. आंधळ्या वळणाआधी दिवसा हॉर्न, रात्री डिपर. समोरचा दिसला की हेडलाइट खाली करा. धुक्यात अप्पर लावलात तर पुढे पांढरी भिंत उभी राहते.

ट्रॅकवर झेंड्यांची भाषा असते. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळं थांबवा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. आपल्याकडे पिवळा झेंडा म्हणजे रस्त्यावर टाकलेली झाडाची फांदी: पुढे ट्रक बंद पडलाय. दुसरा झेंडा म्हणजे पावसात डोंगराच्या कडेला ताजे सुटे दगड. ते दिसले की वर बघा, थांबू नका, तिथे फोटो तर काढूच नका, पुढे निघा. संध्याकाळी आंबा किंवा आंबोलीला एक गवा रस्ता ओलांडताना दिसला, तर मागे कळप आहे असंच समजा.

ट्रॅक डेला जायचं असेल तर

जरूर जा. आपल्या दारातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून कन्याकुमारीला जातो. त्यानेच केरळात उतरून पालघाटमार्गे कोइमतूर, रत्नागिरीहून हजारेक किलोमीटर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ मध्ये तिथे फॉर्म्युला वन झाली होती. पहिल्या वेळी छोटा ट्रॅक बरा, आणि ज्यात शेजारी प्रशिक्षक बसतात असाच कार्यक्रम निवडा.

नेहमीची गाडी चालते. ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असू देत, ब्रेक ऑइल नवं, चाकाचे नट पान्याने आवळलेले. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. पहिली फेरी आणि शेवटची फेरी हळू: पहिलीत टायर आणि डोळे तयार होतात, शेवटचीत ब्रेक थंड होतात. फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्या. आणि विमा: नेहमीची मोटार पॉलिसी शर्यत, वेगाच्या चाचण्या यांना लागू होत नाही. ट्रॅकवर झालेलं नुकसान खिशातून भरायची तयारी असेल तरच स्वतःची गाडी आत घाला.

थकवा

आमच्या एका फेरीसत्राला वीस मिनिटं मिळत. पंधराव्या मिनिटानंतर माझ्या चुका सुरू व्हायच्या: ब्रेक दहा हात उशिरा, नजर जवळ आलेली. मला थकल्यासारखं वाटतच नसे. प्रशिक्षकांना ते बाहेरून दिसायचं आणि ते मला आत बोलवायचे.

गणपतीला मुंबईहून रात्रभर चालवत येणाऱ्यांची मला काळजी वाटते ती यामुळे. दोन तासांनी थांबा, गाडीतून उतरून चाला. पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान शक्यतो चालवू नका. घर जवळ आलं की डोक्यातलं लक्ष आधीच घरी पोचलेलं असतं, आणि आपल्याकडे नेमका शेवटचाच टप्पा अरुंद आणि वळणांचा असतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक भाच्या-पुतण्याला मी सांगून ठेवलंय: संगमेश्वरला गाडी बाजूला घ्या, तोंड धुवा, चहा प्या, आणि मला फोन करा. तो फोन आला की मी अंगणातला दिवा लावतो आणि घड्याळ बघतो. शेवटच्या त्या अठरा-वीस किलोमीटरला ते पाऊण तास लावतात, आणि मला ते चालतं.